अंगठा लावण्याआधी
(रबाळे येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही नवा धडा घेणार नाही. थोडे अंकगणित मात्र करू. विषय जड आहे. घरातला मिळवता माणूस दुसऱ्याच्या कामावर किंवा दुसऱ्याच्या चुकीने जिवाला मुकला, तर मागे राहिलेल्यांना कायद्याने काय मिळते आणि ते कुणाच्या हातून घ्यायचे, हे आज सांगायचे आहे. असले अभद्र बोलू नये, असे आपल्यात म्हणतात. पण ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांना आम्ही अपघात काय असतो ते वेगळे सांगायला नको.

आमच्या लहानपणी इथे भाताची खाचरे होती. खाडीची मासळी होती. पुढे औद्योगिक वसाहत वाढली. जमिनी गेल्या, कारखाने आले. त्यांच्या मागोमाग घाटावरून, मराठवाड्यातून, उत्तरेकडून माणसे आली आणि गावातल्या खोल्यांत भाड्याने राहू लागली. त्यांची मुले आमच्या शाळेत येत. तेव्हा आम्ही मुख्याध्यापक होतो. अशाच एका कुटुंबाची गोष्ट आधी सांगतो. गोष्ट त्यांची आहे, पण चूक आमची आहे.

साल १९९८. जून महिना होता, पहिला पाऊस पडून गेला होता. कारखान्याच्या शेडचा पत्रा गळत होता, म्हणून एका हमालाला वर चढवले. पत्रा जुना होता. तो फुटला आणि माणूस खाली फरशीवर पडला. दवाखान्यात नेईपर्यंत सारे संपले. वय ३५. पगार महिना १५०० रुपये, तोही ठेकेदारामार्फत. मागे बायको आणि दोन मुले. थोरला आमच्या शाळेत तिसरीत होता.

चौथ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, बाईला पैसे द्यायचे आहेत. साक्षीला तुमच्यासारखा प्रतिष्ठित माणूस हवा." आम्हाला ते शब्द गोड लागले. आम्ही गेलो.

खोलीत बाई भिंतीला टेकून बसली होती. पाकिटात १५,००० रुपये होते. सोबत मुद्रांकाचा कागद होता, इंग्रजीत टंकलेला. आम्ही मॅट्रिक झालेलो. कागद वाचता आला. त्यात लिहिले होते की आमचा सर्व हिशेब पुरा झाला, आमची काही तक्रार नाही, यापुढे आम्ही काही मागणार नाही. आम्ही बाईला मराठीत सांगितले. बाई म्हणाली, "गुरुजी, तुम्ही म्हणता तर लावते अंगठा."

आम्ही काय म्हणालो? आम्ही म्हणालो, "लाव बाई. कोर्टकचेरी गरिबाची नसते."

तिने अंगठा लावला. आम्ही साक्षीदार म्हणून सही केली. तिने अंगठ्याची शाई पदराला पुसली. पंधरा दिवसांत ती मुलांना घेऊन गावी निघून गेली. थोरल्याचा शाळा सोडल्याचा दाखला आम्हीच लिहिला.

पुढे २००१ साली जनगणनेच्या कामाला आम्ही ठाण्याला गेलो. शेजारी एक वयस्कर कारकून बसत. पूर्वी त्यांनी कामगार न्यायालयात काम केले होते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्यांना सहज ही हकिकत सांगितली. त्यांनी हातातली पोळी खाली ठेवली. म्हणाले, "गुरुजी, त्या माणसाचे वय सांगा. पगार सांगा." आणि एका कागदाच्या पाठीवर त्यांनी हिशेब मांडला. तोच हिशेब आता फळ्यावर मांडतो. तुम्हीही वहीत उतरून घ्या.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. १९९५ साली त्यात सुधारणा झाली. कामावर मृत्यू आला, तर पगाराच्या निम्मी रक्कम धरायची आणि कायद्याच्या कोष्टकात वयासमोर जो आकडा आहे त्याने तिला गुणायचे. वय कमी असेल तर आकडा मोठा, कारण तो माणूस अजून पुष्कळ वर्षे मिळवणार होता. पंचविशीच्या माणसाला २१६.९१, पन्नाशीच्या माणसाला १५३.०९. आपल्या माणसाचे वय ३५. त्याला १९७.०६.

पगार १५००. निम्मे ७५०. ७५० गुणिले १९७.०६. उत्तर येते १,४७,७९५.

एक लाख सत्तेचाळीस हजार सातशे पंचाण्णव. आणि आम्ही साक्षीला राहून बाईला पंधरा हजारांवर अंगठा लावायला सांगितला होता.

कारकून पुढे जे बोलले, त्याने आम्हाला जास्त लागले. ते म्हणाले, "गुरुजी, तो कागदच मुळात फुका होता." कायदा असा होता की मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर घरी नेऊन द्यायचीच नाही. ती नुकसानभरपाई आयुक्ताकडे, म्हणजे त्या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे भरायची. मालकाने परस्पर दिलेले पैसे कायद्याच्या लेखी भरपाई नव्हेतच. आगाऊ म्हणून फार तर तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम त्याला घरी देता येई, आणि तेवढीच पुढे वळती होई. "मी हक्क सोडला" असे कामगाराने किंवा त्याच्या बायकोने लिहून दिले, तरी ते लिहिणे रद्दबातल. म्हणजे अंगठा लावल्यावरही बाईला अर्ज करता आला असता. त्याला मुदत होती दोन वर्षांची. आम्हाला हे कळले तेव्हा दोन वर्षे आठ महिने झाले होते. सबळ कारण दाखवले, तर उशीर माफही होत असे. पण त्यासाठी बाई सापडायला हवी होती. दाखल्यावर गावाचे नाव होते. त्या पत्त्यावर आम्ही दोन पत्रे टाकली. उत्तर आले नाही.

आम्हाला इंग्रजी वाचता येत होते. कायदा माहीत नव्हता, आणि विचारावे कुणाला, एवढेही सुचले नाही.

ठेकेदाराच्या माणसाने त्या दिवशी आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, "तो आमचा माणूस होता, कारखान्याचा नव्हे. कारखान्याकडे काही मागता येणार नाही." हे खोटे होते. ज्याच्या कारखान्यात, ज्याच्या धंद्यासाठी काम चालले होते, त्या मूळ मालकाकडेही भरपाई मागता येते. त्याने ती द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. तो त्या दोघांचा प्रश्न.

दुसरे तो म्हणाला, "चूक त्याचीच होती. बघून पाय टाकायला हवा होता." हेही निरुपयोगी. कामगार दारू प्यालेला होता, त्याने हुकूम मोडला, त्याने टोप घातला नव्हता, या सबबी साध्या दुखापतीत चालत. मृत्यू झाला असेल, तर १९९५ च्या सुधारणेनंतर त्या चालत नव्हत्या. माणूस गेल्यावर त्याचीच चूक काढायला सगळे पुढे असतात, आणि तो बिचारा उत्तर द्यायला नसतो. कायद्याला हे कळले होते. आम्हाला कळले नव्हते.

तुम्ही विचाराल, ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हक्क आहे, असे कधीपासून ठरले? बोरीबंदर ते ठाणे आगगाडी १८५३ साली धावली. पुढे दोनच वर्षांनी, १८५५ साली, प्राणघातक अपघातांचा कायदा आला. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला, तर त्याची बायको किंवा नवरा, आईबाप आणि मुले यांच्यासाठी भरपाईचा दावा करता येईल, असे त्यात ठरले. त्याआधी इंग्रजांच्या न्यायात माणसाबरोबर त्याचा दावाही मरत असे! पण १८५५ च्या कायद्यात दुसऱ्याची चूक सिद्ध करावी लागे. गरीब विधवा ती कुठून सिद्ध करणार? १९२३ च्या कायद्याने ती अट काढली. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, एवढे दाखवले की पुरे.

आता "काम चालू असताना" म्हणजे केव्हा? यावर पुष्कळ वाद झाले. त्यातला एक आपल्या महाराष्ट्रातला आहे आणि तुम्हा पाळीवाल्यांच्या उपयोगाचा आहे.

धाराशिव जिल्ह्यात, ज्याला तेव्हा उस्मानाबाद म्हणत, एका साखर कारखान्यात एक रखवालदार होता. त्याची पाळी पहाटे ३ ते सकाळी ११. तारीख २२ एप्रिल २००३. रात्रीच्या अंधारात तो मोटारसायकलवर कामाला निघाला. कारखाना सुमारे ५ किलोमीटर राहिला होता, तिथे त्याला अपघात झाला आणि तो गेला. मागे बायको, चार मुले आणि म्हातारी आई.

घरच्यांनी भरपाई मागितली. समोरून उत्तर आले की तो कारखान्याच्या फाटकात शिरलाच नव्हता, मग काम चालू होते असे कसे म्हणता? उस्मानाबादच्या आयुक्तांनी २००९ साली घरच्यांच्या बाजूने निकाल दिला. रक्कम ३,२६,१४० रुपये, वर १२ टक्के व्याज. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. २०११ साली तो निकाल फिरला. विधवेच्या हाती काही उरले नाही. पण ती थांबली नाही. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे २९ जुलै २०२५ रोजी निकाल लागला. रखवालदाराला ३ वाजता हजर राहायचे होते, त्यासाठीच तो त्या वेळी त्या रस्त्यावर होता. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध जुळतो, म्हणून हा कामावरचाच अपघात, असे न्यायालयाने म्हटले आणि आयुक्तांचा निकाल पुन्हा कायम केला.

अपघातापासून मोजा. २२ वर्षे, ३ महिने, ७ दिवस.

याला न्याय म्हणावा का, असे तुम्ही विचाराल. आम्हीही पुष्कळ दिवस तोच विचार करतो आहोत. चार मुले वाढायची ती त्या पैशांविना वाढली. म्हाताऱ्या आईला त्या पैशांचा काय उपयोग झाला असेल, कोण जाणे. पण दुसरी बाजूही पाहा. १२ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ३९,१३६ रुपये होते. बावीस वर्षांचे आमच्या हिशेबाने साडेआठ लाखांच्या वर जाते, म्हणजे मुद्दलाच्या अडीचपट. आणि पहाटे कामाला निघालेल्या प्रत्येक माणसासाठी त्या बाईने वाट करून ठेवली.

एक मात्र लक्षात ठेवा. घराबाहेरचा प्रत्येक अपघात यात बसत नाही. कामाला निघालेला माणूस वाटेत लग्नाला वळला, तर संबंध तुटला असे समोरचा म्हणणारच.

आता १९२३ चा कायदा स्वतंत्र राहिलेला नाही. तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. ही संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. घर आणि काम यांमधल्या वाटेवरचा अपघात तिच्यात स्पष्टच घातला आहे. निम्मा पगार गुणिले वयाचा आकडा, ही रीत तिथेही आहे. पैसे अधिकाऱ्याकडे भरण्याची रीतही आहे. जुन्या कायद्यात २०२० पासून हिशेबाला पगार १५,००० पर्यंत धरत. म्हणजे तिशीच्या माणसाला ७,५०० गुणिले २०७.९८. करा बरे गुणाकार. १५,५९,८५० आले ना? आता कुणी पन्नास हजारांचे पाकीट घेऊन आला, तर काय समजायचे ते समजा.

पैसे अधिकाऱ्याकडे का, घरी का नाहीत? त्यालाही कारण आहे. घरी आले की दीर म्हणतो मी कर्ता, सासरा म्हणतो मुलगा माझा. विधवेच्या हाती पाकीट टिकत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे, उगाच नाही म्हणू नका. बायको, मुले, आई, जे जे त्याच्या मिळकतीवर जगत होते त्यांची वाटणी अधिकारी करतो. अज्ञान मुलांचा हिस्सा तो बँकेत ठेवायला लावू शकतो.

ज्यांच्या पगारातून राज्य कामगार विम्याची वर्गणी कापली जाते, त्यांचा मार्ग वेगळा. लोक त्याला ई.एस.आय. म्हणतात. तिथे एकरकमी भरपाई नाही. मयताच्या मजुरीच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने आश्रितांना, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना, दरमहा निवृत्तिवेतन मिळते. विधवेला आणि मुलांना त्यात हिस्से असतात. दोन्हीकडून घेता येत नाही. तेव्हा नवऱ्याचे विम्याचे कार्ड आहे की नाही, ते आज घरी गेल्यावर विचारा. तो "कशाला हवंय?" म्हणेल. तरी विचारा.

रस्त्यावर वाहनाने माणूस गेला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. अपघात जिथे झाला तिथे, किंवा आपण राहतो तिथेही करता येतो. कायद्यात २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिच्यावर न्यायालयात वाद चालू आहे, पण आपण वादाच्या भरवशावर बसू नये. ठोकणारे वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या अपघातांत मृत्यूबद्दल २ लाख रुपये सरकारी योजनेतून मिळतात. आणि बायांनो, हे ऐका. घरकाम करणारी बाई रस्त्यावर गेली, तर "ती काही कमवत नव्हती" हे उत्तर चालत नाही. तिच्या कामाची किंमत धरावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितले आणि २०२१ साली पुन्हा सांगितले.

रेल्वेचे थोडक्यात. लोकलमधून पडून प्रवासी गेला, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जायचे. २०१७ पासून ही रक्कम ८ लाख आहे. मुदत एक वर्ष. प्रेताजवळ तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असा २०१८ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. पण रूळ ओलांडताना गाडीखाली आलेल्याला ही भरपाई नाही. आपल्या स्टेशनावर पूल सोडून रुळावरून उड्या मारणाऱ्यांनी हे घरी सांगून ठेवावे.

आता कागद. पोलिसांची फिर्याद आणि पंचनामा. शवविच्छेदनाचा अहवाल. मृत्यूचा दाखला. वयाचा पुरावा, कारण सारा गुणाकार वयावर आहे. पगाराचा पुरावा. पगार रोखीने मिळत असेल आणि चिठ्ठी नसेल, तर बरोबर काम करणाऱ्या दोघांची नावे लगेच लिहून ठेवा. महिन्याभराने तेच लोक ओळख विसरतात. आणि शिधापत्रिका. इथे एक घोळ नेहमी होतो. बाईचे माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, शिधापत्रिकेवर तिसरे, बँकेत चौथे. मग मयताची बायको हीच, हे सिद्ध करण्यात सहा महिने जातात. आमच्या या वर्गात नाव लिहायला शिकलेल्या बायांनी ते नाव सगळ्या कागदांवर एकच आहे का, ते स्वतः वाचून पाहावे. बिनचूक नाव लावून घ्यायला आज वेळ आहे.

वकिलाच्या खर्चाची भीती वाटते ना? १९८७ च्या कायद्याने स्त्रीला, मग तिची मिळकत कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. कारखान्यातल्या कामगारालाही मिळतो. ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. दूरध्वनी १५१००, त्याला पैसे पडत नाहीत. दवाखान्याच्या दारातच कुणी "अर्धे माझे, अर्धे तुमचे, सगळे मी बघतो" म्हणत भेटला, तर त्याला आमच्याकडे पाठवा.

अपघातानंतर कुणी कागद घेऊन घरी आला, तर त्याला पाणी द्या, चहा द्या, पण सही देऊ नका. कागदाची प्रत मागून घ्या. "वाचून सांगतो" म्हणा. प्रत द्यायला तो तयार झाला नाही, तर कागदात काय असेल ते ओळखा. पैसे देत असेल, तर "आगाऊ म्हणून मिळाले" एवढेच स्वतःच्या अक्षरात लिहून द्या. "पूर्ण हिशेब मिळाला" असे लिहू नका.

आम्ही दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता याच ओट्यावर बसतो. असा काही कागद आला असेल, जुना असला तरी चालेल, घेऊन या. इंग्रजीत असेल तरी आणा. आणि मराठवाड्याकडची कुणी मंडळी इथे असतील, तर भाषण झाल्यावर जरा थांबा. १९९८ साली इथून गेलेल्या त्या मुलाचे गाव आमच्या जुन्या वहीत लिहिलेले आहे. तिकडे कुणाचे जाणे-येणे असेल, तर आम्हाला विचारायचे आहे.